मला सरळ करू नका

मित्रांनो, उभे का? आधी टेका पाहू! मी एक जुना बाक आहे, आणि आलेल्याला बसवणं एवढंच मला येतं. मात्र जरा सांभाळून हं. माझ्या फळीला मधोमध झोळ आहे. दोन टोकांना दोघं बसले, की हळूहळू घसरत मध्ये येतात आणि एकमेकांना खेटतात.

हा झोळ म्हणजे अण्णांची कृपा. देश परक्यांच्या ताब्यात होता, तेव्हा तरुण अण्णा तुरुंगात होते. स्वातंत्र्याचा झेंडा नाचवणाऱ्या त्यांच्या हातांत तिथे रंधा आला. ओल्या लाकडाचा बाक करू नये, हे त्यांना कुठलं ठाऊक! वाळता वाळता मी वाकलो. तुरुंगातल्या सुताराने कपाळाला हात लावला. "बाक केलास की पाळणा?" देश स्वतंत्र झाला, फाटक उघडलं, तेव्हा तुरुंगाधिकारी म्हणाला, "हा नमुनाही घेऊन जा बाबा!" सुटलेल्या कैद्यांनी मला डोक्यावर घेऊन रस्ताभर नाचवलं. असं भाग्य सिंहासनालाही लाभत नाही!

पुढे अण्णा राजदूत झाले आणि देशोदेशी मलाही घेऊन फिरले. भांडणाऱ्यांना ते समोरासमोर बसवतच नसत. "समोर बसला की माणूस डोळे वटारतो. शेजारी बसला की दोघांना एकच खिडकी दिसते," असं ते म्हणत. एकदा नदीच्या पाण्यावरून हमरीतुमरीवर आलेले दोन देशांचे मंत्री माझ्या टोकांना बसले. तावातावाने बोलता बोलता घसरले, आणि एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत! दोघंही खो खो हसले. एकदा हसल्यावर पुन्हा ओरडणं जड जातं हो. तंटा मिटला. वर्तमानपत्रात अण्णांचा फोटो आला. माझा मेला नुसता एक पाय दिसत होता.

अण्णा निवृत्त होऊन गावी परतले आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. माझ्यावर कुंड्या आल्या. कोणी ढुंकून पाहीना. मग त्यांच्या लेकीला दया आली. तिने मला पुसलं, तेल पाजलं, आणि वडिलांची पाठ दुखू नये म्हणून सुताराकडून खाली जाड पट्टी ठोकून झोळच घालवला. मी ताठ झालो. खरं सांगतो, मला अगदी पोरकं वाटलं.

आणि नेमकं तेव्हाच गावात बिनसलं. दोन धर्मांची दोन प्रार्थनाघरं तिथे एकाच भिंतीला टेकून उभी होती. भिंतीत एक दार होतं. लहानपणी अण्णा त्यातूनच इकडून तिकडे हुंदडले होते. प्रार्थनेच्या वेळी कोणाचा आवाज मोठा, यावरून जुंपली आणि दार विटांनी बुजवायचं ठरलं. गवंडी आलासुद्धा! अण्णांनी मला घाईघाईने दाराशी आणवलं आणि दोन्ही धर्मगुरूंना बसवलं. एक लठ्ठ, एक काटकुळे. दोघं टोकांना ताठ बसले, ते जागचे हलेनात. मी काय करणार? माझा झोळच नव्हता!

"ठरवा लवकर," गवंडी ओरडला, "माल सुकतोय!"

अण्णांनी माझ्याखाली वाकून पाहिलं. "अगं, याचा झोळ कुठे गेला?"

"तुमच्या पाठीसाठी काढला, अण्णा," लेक चाचरली.

"पाठ गेली खड्ड्यात! हातोडा आण!" म्हणत अण्णा त्या वयात गुडघ्यांवर बसले.

"अहो, अहो, तुम्ही नका!" दोन्ही धर्मगुरू उठून दोन बाजूंनी माझ्याखाली शिरले. एकाने हातोड्याने पट्टी उचकटली, दुसऱ्याने ओढली. पट्टी सुटली आणि टाळक्यावर टाळकं आदळलं!

मग लठ्ठ धर्मगुरू कपाळ चोळत म्हणाले, "पुन्हा एकदा आपटा, नाहीतर शिंगं फुटतील."

काटकुळ्यांनी हळूच डोकं टेकवलं. मग काय, दोन्हीकडची माणसं पोट धरधरून हसली! दोघं पुन्हा माझ्यावर बसले, घसरले, खेटले आणि बोलत राहिले. गवंड्याचा माल सुकून दगड झाला. उठताना त्यांनी प्रार्थनेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या आणि दार उघडंच राहणार होतं.

"मग या विटांचं काय करू?" गवंडी म्हणाला.

"याच्या पायांखाली लाव," अण्णा म्हणाले.

आज अण्णा नाहीत. पण मी त्याच विटांवर, त्याच दारात आहे. दोन्हीकडची पोरं माझ्यावर घसरगुंडी खेळतात. मित्रांनो, मला कधीमधी पुसा, उन्हापावसात जपा. ज्याच्याशी अबोला असेल, त्यालाही घेऊन या. फक्त एवढी विनंती आहे, मला सरळ करू नका.