माझी डावी बाजू

मी एक जुनी शर्यतीची मोटार आहे. हल्ली माझा मुक्काम एका काचेच्या दालनात असतो. माझ्यापुढे दोरी बांधलेली आहे आणि दोरीपलीकडे उभे राहून लोक माझी किंमत एकमेकांच्या कानात सांगतात. ती ऐकून काही जण तोंडात बोटे घालतात. काही जण म्हणतात, "एवढ्याशा डबड्याला एवढे पैसे? लोकांना वेड लागलंय." मित्रांनो, माझा दोघांवरही राग नाही. त्या किमतीत काय आहे आणि काय नाही, हे मला जेवढे ठाऊक आहे तेवढे कुणालाच नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म १९६१ साली इटलीत, मोदेना शहराच्या उत्तरेला, पो नदीच्या सपाट मुलखात झाला. तिथे त्या काळी दर दोन गल्ल्यांआड कुणीतरी मोटारी बनवत असे. आमचा कारखाना म्हणजे एक पडवी, एक भट्टी आणि दोन भाऊ. थोरला लेआर्को मालागोली आणि धाकटा नेरिओ. त्यांच्याकडे साचा नव्हता, यंत्र नव्हते. तारेचा सांगाडा, वाळूची पिशवी, लाकडाचा ओंडका आणि हातोड्या, एवढ्या भांडवलावर ते अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून त्याला अंग देत. लेआर्को उजव्या हाताचा, म्हणून माझी उजवी बाजू त्याने घडवली. नेरिओ डावखुरा, म्हणून डावी त्याच्या वाट्याला आली. दोघे दोन्हीकडून ठोकत ठोकत बॉनेटपाशी भेटले आणि भेटल्याबरोबर भांडले.

कारण माझ्या दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. डावे दार आणि डावा मडगार्ड उजव्याहून करंगळीच्या जाडीएवढे फुगीर झाले होते.

"हे काय केलंस, गाढवा?" लेआर्को ओरडला. "तुझी बाजू दोन वाट्या तोर्तेल्लीनी जास्त खाऊन आलीय!"

"गाडी घेणारा डॉक्टर जाडा आहे," नेरिओ शांतपणे म्हणाला. "तो डावीकडे, स्टिअरिंगमागे बसणार. दार बाहेर काढलं नाही तर त्याचं कोपर घासेल. आणि दार फुगवलं म्हटल्यावर मडगार्ड सपाट ठेवून कसं चालेल?"

"डॉक्टरला बारीक व्हायला सांग!"

"तू सांग. मी पत्रा ठोकतो, माणसं नाही."

लेआर्कोने हातोडी आपटली, पण डाव्या बाजूला हात लावला नाही. दुपारी नेरिओ जेवायला गेला तेव्हा मात्र तो एकटाच माझ्यापाशी आला आणि त्या फुगीर भागावरून त्याने दोनदा तळवा फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर काय होते ते मी पाहिले आहे. ते त्याने नेरिओला कधीच सांगितले नाही.

ज्यांच्यासाठी मी घडले ते डॉक्टर एर्मेस बोन्फात्ती गुरांचे डॉक्टर होते. आठवडाभर ते माझ्यातून गोठ्यागोठ्यांत फिरत आणि रविवारी मला डोंगरातल्या शर्यतीला नेत. एकदा शेजारच्या आसनावर आजारी डुकराचे पिल्लू घेऊन आम्ही घाट चढलो आणि तिसरे आलो. पिल्लूही बरे झाले. तेव्हा मला कुणी किंमत विचारत नसे, वेग विचारत. त्या वेळेसारखे सुख मला पुन्हा कधी लाभले नाही.

१९६३च्या हिवाळ्यात आमच्याकडे आठ दिवस धुके पडले होते. नेरिओ मोटारसायकलवरून घरी निघाला आणि समोरून आलेला ट्रक त्याला दिसलाच नाही. तो सव्वीस वर्षांचा होता. लग्न नव्हते, मूलबाळ नव्हते. त्याने घडवलेल्या बाकीच्या गाड्या शर्यतींत चुरगळल्या किंवा भट्टीत गेल्या. काही वर्षांतच अशी वेळ आली की नेरिओच्या हातचे या जगात एकच काम उरले होते, आणि ते म्हणजे माझी डावी बाजू.

लेआर्कोने पडवीला कुलूप घातले आणि तो पाणी उपसण्याचे पंप दुरुस्त करू लागला. डॉक्टरांनीही शर्यती सोडल्या. पण दर रविवारी चर्च सुटले की लेआर्को त्यांच्या अंगणात हजर होई. कारण दर वेळी नवे. कधी ऑइल बघायचे असे, कधी टायरची हवा. ते झाले की तो माझ्या डावीकडे येई, दारापासून मडगार्डपर्यंत तळवा फिरवी आणि अंगणात जो असेल त्याला म्हणे, "बघा, काय बिघडवून ठेवलंय त्या गाढवानं! डोळेच नव्हते त्याला. उजवी बघा माझी, आणि ही बघा!"

डॉक्टर म्हणत, "खरंच रे लेआर्को, फारच वाकडी आहे." आणि त्याला लाल वाइनचा पेला भरून देत.

मित्रांनो, आमच्या गावची रीतच तशी आहे. तिथे आई लेकराला लुच्चा म्हणते आणि नवरा मेलेल्या बायकोच्या स्वयंपाकाला नावे ठेवत जन्म काढतो. सरळ शब्दांत माया बोलून दाखवणे म्हणजे चारचौघांत सदरा काढण्यासारखे. लेआर्को शिव्या देतो आहे म्हणजे रडतो आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होते.

पुढे पेट्रोल महागले, डॉक्टर थकले आणि मला धान्याच्या कोठारात ढकलण्यात आले. माझ्या आसनावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. एक भंगारवाला आला आणि त्याने माझी किंमत दोन वासरांइतकी केली. डॉक्टरांची मुलगी वान्ना हिने त्याला फाटकाबाहेर काढले. डॉक्टर वारले, वान्नाचे केस पिकले, पण लेआर्कोचा रविवार चुकला नाही. तो आधी कोंबड्यांची घाण पुसे आणि मग भावाला शिव्या देई. माझ्या उपेक्षेची ती तीस वर्षे होती खरी, पण त्या उपेक्षेतही दर रविवारी माझ्या अंगावर एक ऊबदार हात असे. आज मी झळझळते आहे आणि तो हात नाही.

मग कुठून कोण जाणे, जुन्या मोटारींचे दिवस फिरले. हातात विजेऱ्या घेऊन अनोळखी माणसे कोठारात वाकून बघू लागली. वान्ना सगळ्यांना नाही म्हणत असे. पण २०१२च्या मे महिन्यात आमच्या मुलखात भूकंप झाला. चर्चचा घुमट कोसळला, वान्नाच्या घराची अर्धी भिंत पडली. कोठार कसेबसे उभे राहिले आणि मी वाचले. वान्ना तीन महिने तंबूत राहिली. शेवटी तिने एका माणसाला होकार दिला.

"किती म्हणाला?" लेआर्कोने विचारले. तेव्हा तो ऐंशीच्या पुढे गेला होता.

"सात लाख युरो."

"सात लाख! अगं, एवढ्यात अख्खं गाव येईल, चर्चसकट."

"चर्च आता पडलंय. ते स्वस्तात मिळेल."

दोघे हसले. मग वान्नाने विचारले, "लेआर्को, मनापासून सांग. तुझी काही अट आहे का? मी घालते त्याला. तू नको म्हणालास तर विकत पण नाही."

मी जीव मुठीत धरून ऐकत होते. एवढेच म्हण, की डाव्या बाजूला हात लावायचा नाही. एवढे एकच वाक्य म्हण.

"मला काय विचारतेस?" लेआर्को म्हणाला. "घर बांध तू. आणि त्या गाढवानं बिघडवलेल्या पत्र्याचे कुणी सात लाख देत असेल तर लवकर घे. त्याचं मत बदलायच्या आत."

वान्नाचे घर उभे राहिले, नवे छप्पर आले. माझ्या किमतीचा मला अभिमान वाटावा असे जर काही असेल, तर ते छप्पर आहे. तिथवर माझी किंमत रास्तच होती, हे मी कुणासमोरही सांगेन.

नव्या मालकाने मला दूरच्या एका नामांकित कार्यशाळेत पाठवले. तिथला मुख्य माणूस मात्तिआ नावाचा तरुण इंजिनिअर होता. तो वाईट नव्हता. तो हातमोजे घातल्याशिवाय मला शिवत नसे आणि दुपारचे जेवणही माझ्या शेजारी बसून खाई. त्याने माझ्या अंगावरून प्रकाशाची रेघ फिरवून माप घेतले आणि कपाळाला हात लावला. दोन्ही बाजूंत नऊ मिलिमीटरचा फरक होता. मालकाचे म्हणणे होते की कधीतरी अपघात झाला असेल आणि कुणीतरी वेडीवाकडी दुरुस्ती केली असेल. मात्तिआ म्हणाला, मनाने काही करायचे नाही. ज्याने गाडी घडवली तो माणूस जिवंत आहे, त्यालाच विचारू.

मित्रांनो, त्याने विचारले होते. या गोष्टीचेच मला सगळ्यात जास्त वाईट वाटते.

लेआर्कोला आणायला गाडी पाठवली. तो इस्त्रीचा सदरा घालून आला. पांढऱ्या कोटातली पाचसहा माणसे त्याच्याभोवती जमली, त्याला "उस्ताद, उस्ताद" म्हणू लागली. त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला त्याच्या भावाविषयी बोलायला बोलावले होते. म्हाताऱ्याचे डोळे नुसते चमकत होते.

"उस्ताद, या दोन बाजू सारख्या नाहीत," मात्तिआ म्हणाला. "यातली बरोबर बाजू कोणती?"

आणि लेआर्को ऐटीत माझ्या डावीकडे आला, त्याने तळवा फिरवला आणि दर रविवारचे बोल बोलला. "उजवी माझी. ती बरोबर. ही डावी माझ्या धाकट्या भावानं बिघडवली. गाढव होता. डोळेच नव्हते त्याला."

तो थांबला. आता कुणीतरी हसेल, कुणीतरी म्हणेल, 'खरंच हो, फारच वाकडी आहे,' आणि पेला पुढे करील, म्हणून थांबला. कुणी हसले नाही. मात्तिआ त्याच्या मुलखातला नव्हता. त्याने शब्द न् शब्द लिहून घेतला, वाचून दाखवला आणि खाली सही मागितली. लेआर्कोला वाटले, नेरिओचे नाव कागदावर चढते आहे. त्याने झोकदार सही केली. मी ओरडू शकत नव्हते. मला हॉर्न होता, पण तो दाबायला कुणाचा तरी हात लागतो.

पंधरा दिवसांनी त्यांनी माझी डावी बाजू कापली. उजव्या बाजूचे माप उलटे करून यंत्राने लाकडी साचा कोरला आणि त्यावर नवा पत्रा बसवला. काम इतके सफाईदार झाले की एका केसाचा फरक राहिला नाही. जुना पत्रा दाराशी पेटीत पडला होता. त्याच्या आतल्या अंगाला नेरिओच्या हातोडीचे ठसे होते, डावखुऱ्या हाताने मारलेले, सगळे एका बाजूला कललेले. संध्याकाळी भंगाराचा टेम्पो आला आणि वजनावर घेऊन गेला.

दुसऱ्या वर्षी एका तळ्याकाठच्या हिरवळीवर मोठे प्रदर्शन भरले. मला पहिले बक्षीस मिळाले. मूळ रूप जसेच्या तसे राखल्याबद्दल. वान्ना लेआर्कोला घेऊन आली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला वाट करून दिली. तो काठी टेकत माझ्याभोवती फिरला, उजवीकडे मान डोलावली आणि मग सवयीने डावीकडे येऊन त्याने दारावर हात ठेवला.

हात तिथेच थांबला. मग मडगार्डपर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला.

"बघा उस्ताद," मात्तिआ आनंदाने म्हणाला, "आता शून्य फरक. तुम्ही सांगितलंत तस्संच."

"जुना पत्रा कुठाय?" लेआर्कोने विचारले.

"तो? तो भंगारात गेला. आता वितळलाही असेल."

"वितळला," लेआर्को म्हणाला.

वान्नाच्या तेव्हा लक्षात आले. तिने त्याचा दंड धरला. "अरे, पण तू त्याला काय सांगितलंस? नीट सांगायचं नाहीस का?"

"जे तुम्हाला सांगत आलो तेच सांगितलं," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "पन्नास वर्षं तेच तर सांगतोय, वान्ना. तुम्हाला कळायचं ना."

मात्तिआच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू उतरले. त्या बिचाऱ्याला मी दोष कसा देऊ? त्याने ऐकले तेच केले होते. लेआर्को मात्र कुणाकडेच बघत नव्हता. तो माझ्या दारावर वाकला आणि जे त्याने त्या दुपारी नेरिओला सांगायला हवे होते, ते त्याने आयुष्यात पहिल्यांदा सरळ शब्दांत सांगितले. "चांगलं केलं होतंस रे, नेरिओ. माझ्यापेक्षा चांगलं."

त्यानंतर मी आणखी एकदा विकले गेले. या वेळी किंमत दुप्पट झाली, कारण आता माझ्यात काही दोष उरला नव्हता. लेआर्को पुन्हा आला नाही. येऊन तरी तो हात कुठे ठेवणार?

तेव्हा मित्रांनो, माझी किंमत रास्त आहे का, हा वाद तुम्ही खुशाल घाला. माझे तुमच्याकडे मागणे वेगळे आहे. जुन्या वस्तूतली चूक सुधारण्याआधी ती चूक कुणाची आहे, हे दोनदा विचारा. आणि आपल्या माणसाचे कौतुक थट्टेत गुंडाळून ठेवू नका, निदान एकदा तरी ते उघड बोला. लेआर्को बोलला तेव्हा त्याचा हात माझ्या डाव्या दारावरच होता. पण त्याच्या हाताखाली जो पत्रा होता, तो नेरिओचा नव्हता.