तीन खणांचं कपाट

"आई, बाबा, अगदी खरं सांगा. मलाही तुम्ही जुन्या बाजारातूनच उचलून आणलंत का?"

प्रश्न मैत्रिणींचा होता, तोंड फक्त तोफेचं. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून शाळेत तिला सगळ्या तोफच म्हणत. पण एका बाबतीत ही तोफ थंड पडायची. तिने आजवर एकाही मैत्रिणीला घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. घरातलं सगळं जुन्या बाजारातून येतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. शेवटी सगळ्या जिला लांबी म्हणत, त्या उंच मैत्रिणीने अट घातली, "एक तर हे घरी विचारून दाखव, नाहीतर रविवारी आम्ही थेट तुझ्याकडे!"

घरी? बापरे! बैठकीच्या खोलीत सात खुर्च्या, त्यातल्या बसण्यालायक दोन. घड्याळं चार, पण एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. आणि आरसा असा, की त्यात धडधाकट माणूसही आजारी दिसावा. मैत्रिणींनी पोट धरून हसायचं आणि सोमवारी शाळाभर बोभाटा! त्यापेक्षा विचारलेलं परवडलं.

बाबांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. ते चष्म्याच्या दुकानात कामाला होते. भिंग कायम खिशात. "छे गं! बाजारातून आणली असती तर घासाघीस नसती केली?"

"आणि इतकी बडबड करते म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी परत केली असती," आई म्हणाली. "चल आज आमच्याबरोबर. बघ तरी आम्ही कसे शोधतो ते."

शोधण्याची त्यांची तऱ्हाच न्यारी. बाजाराच्या एका टोकाने आई शिरायची, दुसऱ्या टोकाने बाबा, आणि मधे भेटून आपापलं सांगायचं. घरचा नियमही ठरलेला, एक वस्तू आत आली की एक बाहेर. मागच्या महिन्यात तो आजारी आरसा आत आला, म्हणून तोफेच्या खोलीतलं पांढरं कपाट बाहेर गेलं होतं.

आज मात्र दोघं एकाच वस्तूपाशी येऊन थडकले. तीन खणांचं बुटकं कपाट, रंग खरवडून काढलेला, लाकूड मधासारखं चमकणारं.

"अहो, मी आधी पाहिलं!"

"पाहिलंस तू, पण पारखलं मी!" बाबांनी मधल्या खणाच्या मुठीला भिंग लावलं. "हे बघ, दातांच्या खुणा! कुण्या तान्ह्याने चावलंय. किती जुनं असेल नाही?"

"बिचारं ते पोर! आईबापाचं लक्ष नसणार," आई हळहळली. मग दुकानदाराशी अशी भिडली की त्याने शेवटी हातच जोडले.

घरी कपाट ठेवायचं कुठे? तोफेच्या खोलीत एक कोपरा रिकामाच होता. चारही पाय फरशीवरच्या चार जुन्या डागांवर चपखल बसले.

"जणू याच्यासाठीच जागा राखली होती!" बाबा खूश.

तोफेने खालचा खण ओढून उलटा केला. तळाला जांभळ्या खडूचा हत्ती होता. पाच पायांचा. तिनेच पहिलीत काढलेला.

"बाबा, भिंग द्या. आई, ते बिचारं पोर मी आहे."

आईने हत्ती पाहिला, बाबांनी आईला पाहिलं.

"तरीच म्हटलं, ओळखीचं का वाटतंय!" आई म्हणाली.

"जन्म गेला लोकांना नीट दिसावं म्हणून चष्मे देण्यात," बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि मला घरचं कपाट दिसेना!"

"दोनदा पाहिलं, दोनदा आवडलं. आपली निवड पक्की आहे हो!" आई म्हणाली, आणि दोघं हसत सुटले. बाबांचा चष्मा घसरला, आई पदराने डोळे पुसायला लागली.

तोफही हसत होती, अगदी पोट धरून. आणि हसता हसता तिला वाटलं, ही गोष्ट शाळेत सांगून काय मजा? हत्ती दाखवायला हवा, मुठीवरचे दात दाखवायला हवेत. आणि आईबाबा एकमेकांची नक्कल करत सांगतील, ते तर शाळेत नेता येणारच नाही.

तिने स्पर्धेतल्यासारखा घसा खाकरला.

"ऐका! मी अट पुरी केलीय, तरी रविवारी सगळ्या मैत्रिणींना घरी बोलावणार आहे. सहाजणी आहेत. बाबा, पाच खुर्च्यांचे पाय तेवढे बसवून घ्या!"