शेकायच्या पिशवीचा जळफळाट

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. मित्रांनो, माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. गळते का हे बघण्यासाठी मला पाणी भरून पिळले, आणि मग मी औषधांच्या दुकानात टांगली गेले. तिथून शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला घरी आणले. पडद्याच्या उरलेल्या कापडाचा झगाही शिवून घातला.

तिला दोन मुली. थोरलीला पाळीत फार दुखायचे. मला पोटाशी घेऊन ती अंगाचे मुटकुळे करून पडायची आणि म्हणायची, "आई, ही नसती तर माझं काय झालं असतं?" एवढे कौतुक कानांवर पडल्यावर मी का नाही चढून जाणार?

पुढे थोरली तलावावर पोहायला शिकवू लागली आणि घरात टॅम्पॉनचा डबा आला. कापसाची ती बोटाएवढी सुरळी योनीत ठेवली, की पाळीतही पाण्यात उतरता येते म्हणे. आता दुखले तरी थोरली गोळी घेऊन कामाला जाऊ लागली. मी खिळ्यावर लोंबकळत राहिले. तिची पोटदुखी गेली आणि माझी सुरू झाली.

आईचेही माझ्यासारखेच. "काय त्या नसत्या वस्तू? आमचं काही अडलं होतं का त्यांच्यावाचून?" असे ती येता-जाता ऐकवी. मला ते फार गोड लागे. रोजची कटकट नको म्हणून थोरलीने डबा टॉवेलांमागे सारला. बरी जिरली, मी मनात म्हटले.

एके दुपारी थोरली तलावावरून लवकर परतली. तिला उलट्या होत होत्या, अंग मोडून आले होते. "पाळीचंच असणार," आई म्हणाली आणि मला भरून तिच्या कुशीत दिले. किती दिवसांनी! मी हरखून गेले. तेवढ्यात थोरली कुडकुडत म्हणाली, "आई, ही गार आहे गं."

मी आणि गार? माझा तिळपापड झाला. आईने मला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग तिने थोरलीच्या कपाळाला हात लावला. अंग नुसते भाजत होते. छातीवर उन्हाने करपल्यासारखी लाली आली होती. ती उठायला गेली आणि भोवळ येऊन पुन्हा बसली.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. थोरलीच्या कुशीत मीही निघाले. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी मला उचलून खुर्चीवर टाकले. मग विचारले, "पाळी चालू आहे? टॅम्पॉन ठेवलायस का?"

थोरलीने आईकडे पाहिले. "काल सकाळी ठेवला होता. नंतर रक्त थांबलं, आणि मी काढायचा विसरलेच."

डॉक्टरबाईंनी तो लगेच काढला आणि मोठ्या रुग्णालयात फोन लावला. "योनीत जंतू असतातच," त्या आईला म्हणाल्या. "बरेचसे राखणदार असतात. पण एखाद्या जातीला असं रान मोकळं मिळालं, की ती विष सोडते. याला टॉक्सिक शॉक म्हणतात. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. चला, थांबू नका."

थोरली रुग्णालयात होती तोवर मी पुन्हा खिळ्यावर होते. त्या दिवसांत डब्याचा हेवा करायचेही मला सुचले नाही.

ती घरी आली तेव्हा तिच्या तळव्यांची सालपटे निघत होती. तिला आता टॅम्पॉन वापरायचा नव्हता, पण तिने धाकटीला जवळ बसवले. "आधी हात धुवायचे. लागेल तेवढाच शोषणारा घ्यायचा. चार ते आठ तासांत बदलायचा. शेवटचा आठवणीने काढायचा. ताप, उलटी, पुरळ, चक्कर, काहीही झालं तर लगेच काढायचा आणि दवाखाना गाठायचा."

"तुला सकाळपासूनच बरं नव्हतं ना?" धाकटीने विचारले. "मग बोलली का नाहीस?"

"आई त्या डब्यावरूनच सुरू झाली असती."

आई दारातच उभी होती. तिने टॉवेलांमागून डबा काढला आणि माझ्या शेजारच्या फळीवर उघड्यावर ठेवला. मग म्हणाली, "बरं नसलं तर आधी मला सांगायचं. बोलणी काय, नंतरही खाता येतात."

मित्रांनो, डबा आता माझ्या शेजारी ऐटीत बसतो. माझा जळफळाट काही थांबलेला नाही. एका सुरळीसाठी केवढी ती शिकवणी! मला कसे भरायचे हे कधी कुणी इतक्या मायेने शिकवले का? तरी एक मागते. घरातली एखादी वस्तू पटत नसेल, तर खुशाल नाक मुरडा. पण घरातल्या माणसाचे तोंड बंद होईल इतके मुरडू नका. त्या सकाळी थोरली गप्प राहिली, कारण तिला आजारापेक्षा आमची भीती जास्त वाटली.