कॅरीच्या अंगणात उलटा पुरलेला योसेफ

मी योसेफ बोलतोय. दचकू नका. येशूचा बाप म्हणून ज्या सुताराचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्याची मी बोटभर उंचीची प्लास्टिकची मूर्ती आहे. खऱ्या योसेफाच्या तोंडी बायबलमध्ये एकही शब्द नाही. तिथे देवदूत बोलतात, राजे बोलतात, मेंढपाळसुद्धा बोलतात. हा बापडा फक्त ऐकतो आणि कामाला लागतो. त्याचं साठलेलं सगळं बोलणं बहुधा माझ्या वाट्याला आलं असावं.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यातला. साच्यातून आम्ही ढिगांनी बाहेर पडत होतो. मी कोण हे रंगवणाऱ्या बाईला माहीत नव्हतं आणि तिने ते विचारलंही नाही. अंगरखा तपकिरी, हातात पांढरं फूल, कडेवर बाळ. दाढी रंगवताना तिला शिंक आली असणार, कारण माझी दाढी एका बाजूने थेट कानाच्या वर गेली आहे. त्यामुळे कुणी काहीही बोललं तरी ते मला पटलेलं नाही असाच माझा चेहरा दिसतो. अमेरिकेत मला त्याचा फार उपयोग झाला.

इथे आल्यावर नॉर्थ कॅरोलायनातल्या एका दुकानात, चर्चच्या सामानाच्या फळीवर मी बरेच दिवस होतो. शेजार मोठा मातब्बर होता. डावीकडे लॉरेन्स. रोमच्या अधिकाऱ्याने त्याला दरडावलं होतं, की तुमच्या मंडळीचा खजिना आणून हजर कर. हा गावातले गोरगरीब, आंधळे-पांगळे गोळा करून घेऊन गेला आणि म्हणाला, हाच आमचा खजिना. त्याला लोखंडी जाळीवर जिवंत भाजलं, आणि तो म्हणाला, ही बाजू झाली, आता उलटा! उजवीकडे अपोलोनिया, अलेक्झांड्रियाची वृद्ध बाई. देवाला नाकार म्हणून लोकांनी तिचे दात पाडले, आगीची भीती घातली. तिने नाकारलं नाही. तिने स्वतःच आगीत उडी घेतली.

अशा माणसांचं पुढे जगाने काय करावं? लॉरेन्सला स्वयंपाक्यांचा संत केलं. इथले लोक त्याला हौसेने बार्बेक्यूच्या शेजारी ठेवतात. अपोलोनिया दाताच्या डॉक्टरांकडे गेली, आणि तिच्या डोळ्यांदेखत दिवसभर दाढा उपटतात. ज्याचा ज्याने छळ झाला, तेच खातं त्याला कायमचं चिकटवलं. तरीही दोघं कधी कुरकुरली नाहीत.

मी मात्र त्या दोघांत अवघडून उभा असे. आमचा योसेफ अंथरुणात, बायको-मुलाच्या सोबतीने शांतपणे गेला म्हणतात. ना बाण, ना आग. लॉरेन्स मला समजावी, "सगळ्यांच्या नशिबी छळ नसतो रे." त्याला तरी काय माहीत, माझा छळ रिअल इस्टेटवाल्यांसाठी राखून ठेवला होता.

ब्रेंडा नावाच्या बाईने मला विकत घेतलं. ती घरं विकून देणारी एजंट. घर विकलं जात नसेल तर संत योसेफाला अंगणात डोकं खाली, पाय वर करून पुरायचं, अशी इथे जुनी चाल आहे. घर विकलं गेलं की बाहेर काढून नव्या घरात मानाची जागा द्यायची. म्हणजे आधी हाल, मग मान. बायको-पोराला घेऊन परमुलखात पळालेला, मुक्कामाला जागा शोधत दारोदार फिरलेला हा माणूस. त्याला घर मिळवून देण्याच्या नाही, घर विकण्याच्या कामाला लावलं आहे.

ब्रेंडाने मला तिथल्याच कॅरी गावातल्या एका मराठी घरात दिलं. घर परीक्षितचं. तो मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. त्याची इथली नोकरी गेली होती. व्हिसाच्या मुदतीत दुसरी मिळाली ती व्हर्जिनियात, हर्नडनला. तिथे तो कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये खोली घेऊन राहत होता आणि जमेल त्या शनिवारी अर्धा दिवस गाडी चालवून घरी येत होता. इकडे त्याची बायको रेणू आणि शाळकरी मुलगी अनिका. आणि त्याची आई, सुमित्राबाई.

सुमित्राबाई नागपूरहून आल्या होत्या त्या लेकाजवळ राहायला. त्या आल्या आणि आठवड्याभरात लेक हर्नडनला गेला. परतीचं तिकीट काढलेलं. त्याआधी घर विकलं जावं, सगळे एका छताखाली यावेत आणि पोराला चार घास आपल्या हातचे वाढावेत, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी आल्या आल्याच देव पाण्यात ठेवले होते. झाकणाच्या स्टीलच्या पातेल्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. घर विकेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत.

मला खोक्यातून बाहेर काढलं त्या शनिवारी परीक्षित घरी होता. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं. "तोंड घराकडे करायचं की रस्त्याकडे? डॉक्युमेंटेशन क्लिअर नाहीये, यार."

"ब्रेंडा म्हणाली घराकडे," रेणू म्हणाली.

"आपल्या मराठी ग्रुपवरचा उल्हास म्हणतोय रस्त्याकडे. त्याचं घर एका वीकेंडमध्ये गेलं."

"देव आहे ना? मग ईशान्येला ठेवा," सुमित्राबाई म्हणाल्या. यावर मात्र कुणाचंच दुमत झालं नाही. फोनवर होकायंत्र लावून तिघं अंगणात ईशान्य शोधू लागली. ती गवताला पाणी मारणाऱ्या नळाच्या अगदी बुडाशी निघाली.

रेणूने मला उलटं धरलं, तशा सुमित्राबाई पुढे झाल्या. "अगं, कडेवर लेकरू आहे त्याच्या! लेकरासकट डोक्यावर उभं करणार काय?"

"आई, तुम्ही बाळकृष्णाला पाण्यात ठेवलंयच ना?"

"तो आपल्या घरचा आहे. त्याला सवय आहे."

अनिका पायरीवर बसून बघत होती. "धिस इज सो मीन," ती म्हणाली आणि आत निघून गेली. मग मला पुरलं.

तिथली माती लाल आणि चिकट. नाकातोंडात गेली की निघत नाही. रोज सकाळी नळ सुरू झाला की पाणी झिरपून पायाकडून डोक्याकडे उतरायचं. बाळ माझ्या मानेवर येऊन टेकलेलं. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला जरा अभिमानच वाटला. आता लॉरेन्सच्या पंक्तीत बसायला मी मोकळा, असं वाटलं. मग लक्षात आलं की हिशेब उलटा आहे. त्या काळी राजे संतांना छळत, ते श्रद्धा सोड म्हणून. इथे भक्तच छळत होते, आणि तेही पुऱ्या श्रद्धेने. राजासमोर निदान नाही तरी म्हणता यायचं.

वर काय चाललंय ते मला ऐकू येत होतं. गिऱ्हाइकं घर बघायला यायची. ब्रेंडाची सक्त ताकीद होती, घरात कुणी राहतं असं दिसता कामा नये. भिंतीवरचे फोटो उतरवले. देव्हारा कपाटात गेला. पातेल्यातले देव घर दाखवायच्या दिवशी डिशवॉशरमध्ये लपवायचे. आणि फोडणी बंद! मोहरी-हिंगाचा वास गिऱ्हाइकांना चालत नाही. घरभर व्हॅनिलाच्या मेणबत्त्या लावायच्या. लेकाला रांधून घालायला सातासमुद्रापार आलेली ती बाई ब्रेडला बटर लावून खात होती. एखाद्या शनिवारी परीक्षित यायचा तोही पिझ्झा घेऊन. मातीतल्या मातीत मला त्या बाईची कणव येई.

एके सकाळी रेणू तिच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती. सुमित्राबाई उलथणं घेऊन अंगणात आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि मला उकरून काढलं. मोरीत नेऊन साबणाने धुतलं. बाळाच्या कानातली माती काडीने काढली. "माफ करा हो," त्या मला म्हणाल्या. "मी लेकासाठी दुसऱ्याच्या लेकराला मातीत घातलं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, सुटलो.

त्यांनी मला उचलून पातेल्यात ठेवलं. पाण्यात.

बाळकृष्ण रांगता रांगता सरकला. "नवीन का? या. तुमचं काय काम?"

"घर विकणं."

"आमचंही सध्या तेच. याआधी व्हिसाला होतो." अन्नपूर्णा पळी सावरत म्हणाली, "पाणी रोज बदलतात, तेवढं बरं आहे."

पुढे घर विकलं गेलं. ब्रेंडाने भाव उतरवला, स्वयंपाकघराला करडा रंग लावून घेतला आणि एक जोडपं तयार झालं. पण श्रेय रंगाला कोण देणार? सुमित्राबाई म्हणाल्या देव पाण्यात ठेवल्याने झालं, ब्रेंडा म्हणाली योसेफाने केलं, परीक्षित म्हणाला व्याजदर खाली आले म्हणून. रेणू खुरपं घेऊन मला बाहेर काढायला गेली. तिने ईशान्य कोपरा खणला, मग त्याच्या डावी-उजवीकडे खणलं, मी काही सापडेना. हिरवळीला भगदाड पडायला लागलं आणि घेणारे दुसऱ्या दिवशी शेवटचं बघायला येणार होते. ब्रेंडाच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा सुमित्राबाईंनी मला पदराने पुसून ओट्यावर ठेवलं. "हे काय, इथेच तर आहेत."

ब्रेंडा माझ्याकडे बघतच राहिली. "ओ माय गॉड," ती हळूच म्हणाली, "ही केम आउट बाय हिमसेल्फ!" सुमित्राबाईंनी काही सांगितलं नाही. आता ब्रेंडा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते की काम झाल्यावर कॅरीचा संत आपणहून वर आला. आमच्यातल्या कितीजणांच्या कथा अशाच तयार झाल्या असतील, याचा विचार मी अलीकडे करत नाही.

हर्नडनला भाड्याचा फ्लॅट. मानाची जागा ठरली होती त्याप्रमाणे मला दिवाणखान्यातली फळी मिळाली. त्याच फळीवर इंटरनेटचा राउटर. घरात ज्याच्या दिव्यांकडे दिवसातून दहादा भक्तिभावाने पाहिलं जातं, असं दैवत ते. मी आपला शेजारी.

सुमित्राबाईंच्या निघण्याची आदली संध्याकाळ. त्यांनी बऱ्याच महिन्यांनी मनसोक्त फोडणी घातली होती आणि डाळीच्या गोळ्यांचा नागपुरी गोळाभात केला होता. चार ताटं मांडली. हाका मारल्या. परीक्षित एका बंद दाराआड कॉलवर. "आई, पाच मिनिटं." रेणू दुसऱ्या दाराआड. अनिका कानांत काहीतरी घालून तिसऱ्या. सगळे एका छताखाली होते. नवस फिटला होता. टेबलाशी सुमित्राबाई एकट्या बसल्या होत्या आणि गोळाभात निवत होता.

त्या उठून माझ्यासमोर आल्या. हात जोडतील असं मला वाटलं, आणि मला घाम फुटला. माझ्याकडे घरं विकायचं खातं. बंद दारं उघडायचं कुठल्या संताकडे असतं, मला ठाऊक नाही. पण त्यांनी हात जोडलेच नाहीत. त्यांनी राउटरच्या मागे हात घातला आणि वायर खेचून काढली.

एकेक दार उघडलं. "नेट गेलं का?" "व्हाय इज द वायफाय डाउन?" तिघं बाहेर आली.

"हो, गेलं. बसा."

परीक्षितने खिशातून फोन काढला. "थांब, हॉटस्पॉट लावतो. क्लायंट आहे, आई..."

सुमित्राबाईंनी त्याच्या फोनवर हात ठेवला. "परीक्षित, देवाकडे मागून झालं माझं. सहा महिने त्यांना पाण्यात ठेवलं, या परक्या माणसाचेही हाल केले. आता तुझ्याकडे मागते. जेव माझ्यासमोर."

त्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि तो बसला. पहिल्या घासाला त्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. "किती दिवसांनी खातोय, आई," एवढंच म्हणाला. मग हळूहळू बेसमेंटच्या खोलीबद्दल सांगू लागला. घरमालकाचा कुत्रा कसा रोज पहाटे त्याच्या डोक्यावरच्या जमिनीवर नाचायचा ते. हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. सुमित्राबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. अनिकाने दुसऱ्यांदा भात मागितला आणि क्लायंटचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा त्यांच्या पर्समध्ये, कोरडे ठणठणीत.

आणि मी? मी सध्या एका जाड पाकिटात, फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आहे. रेणूची मैत्रीण राधिका कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला असते. तिला मोठं घर घ्यायचंय आणि लहान घर विकलं जात नाहीये. स्वतःच्या पायांनी वर येणारा संत तिला हवा आहे. घरात माणसं तीन: ती, नवरा आणि मुलगा.

राधिकाताई, तुम्ही मला पुरणार, हे मला माहीत आहे. पुरा. घर विकलं जाईल, श्रेय मला मिळेल, आणि मी तक्रार करणार नाही. पण फावडं हातात घेण्याआधी नवऱ्याला आणि पोराला एकदा हाक मारा, समोर बसवा, आणि त्यांना काय हवंय ते विचारा. माझं बोलणं तुम्हाला ऐकू यायचं नाही. त्यांचं येईल.