शेपटाकडची खोली

गोजराबाईंच्या धाकट्या लेकीचं, मंजुषाचं लग्न झालं ते साल सत्त्याण्णव. मांडव उतरला आणि त्याच आठवड्यात ग्रामसभेची दवंडी आली. गोजराबाईंनी उरलेले लाडू डब्यात भरता भरता नवऱ्याला, चिमाजींना सांगून टाकलं, "अवो, यंदा मी बोलणार हाय."

पंचायतीत निवडून आल्यापासून त्या सभेला जाऊन नुसत्या बसत. या खेपेला गप्प बसून भागणार नव्हतं. शाळेसाठी सरकारातून खोली मंजूर झाली होती, आणि ती एकच. गावातल्या शाळेला चार खोल्या, फरशी, नळ. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर मात्र झेंडूच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांची पोरं बुधाच्या गोठ्यात शिकत. म्हशी चरायला गेल्या की शाळा भरायची, परतल्या की सुटायची.

"आपला ललित दाटीवाटीनं बसतो, अन् तू खोली पलीकडं देणार?" चिमाजी म्हणाले.

"दाटीनं का होईना, फरशीवर बसतो."

"नातवाचं तरी बघ!" म्हणत चिमाजी पटका गुंडाळून पुढं निघून गेले.

सभा मारुतीच्या पारावर बसली. सरपंच कारभारीतात्या म्हणाले, "पोरं गावात जास्त, तवा खोली गावात. नायतर बांधायचं सामान दोन्हीकडं निम्मं निम्मं करू. सगळ्यांना सारखं, कुणावर अन्याय नाय." माना डोलल्या.

गोजराबाई उठल्या. 

"तात्या, पाटाचं पाणी आधी कुणाला सोडता?"

"शेपटाच्या, अगदी टोकाच्या मळ्याला. बापजाद्यांपासून."

"का बरं? तोंडाशी मळे जास्त हायेत की."

"वैनी, तोंडाच्या मळ्यांना पाझर तरी मिळतो. शेपटाला काय मिळतंय? तुमच्या मालकांनाच इचारा. पाटाच्या पाळ्या तेच लावतात."

"इचारते." त्या नवऱ्याकडं वळल्या. "अवो, पाणी एकाच टायमाला सगळ्यांना सारखं सोडलं तर?"

चिमाजींनी मिशीवरून हात फिरवला. बायको कुठं नेतेय ते त्यांना कळलं होतं. पण पाण्याच्या बाबतीत ते आजवर खोटं बोलले नव्हते.

"शेपटाला पोचायचंच नाय."

"चिमाजीअण्णा, आज घरी भाकरी पक्की!" मागून यादव ओरडला. सगळा पार हसला, चिमाजीही हसले.

"तात्या," ते म्हणाले, "खोली वस्तीला द्या. पाळी त्यांचीच हाय."

तात्यांनी डोकं खाजवलं. "बरं. पण पुढली खोली गावाला, वैनी!"

"पाळी आली की घ्या ना. कोण नाय म्हणतंय?"

पुढच्या जूनमध्ये वस्तीवरची पोरं खोलीत बसली. ललित दाटीतच सातवी पास झाला आणि आजीवर वर्षभर कुरकुरला. खोलीपुढचा ओटा चिमाजींनी स्वतः बांधला. पाटावर जाता येता ते तिथं टेकायचे. पोरं पाढे म्हणायची, ते ऐकत तंबाखू मळायचे.

ते बसणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही; दोन हजार चार साली, चैत्रात, चिमाजी झोपेतच वारले.