अंजूच्या आकृत्या

लातूरला माणिकप्पांचं किराणा दुकान होतं, पण लेकीचा धंदा त्यांना कधी उमगला नाही. अंजू घरी बसून क्लासेसच्या नोट्ससाठी जीवशास्त्राच्या आकृत्या काढायची. एखाद्या महिन्यात दुकानापेक्षा जास्त कमवायची, पुढचे दोन महिने कोरडे जायचे. यंदा तर क्लासवाल्यांनी कॉम्प्युटरकडूनच चित्रं बनवून घेतली आणि सहा महिने तिला कामच आलं नाही.

तिनं त्या छापील नोट्स विकत आणल्या. हृदयाच्या झडपा भलत्याच जागी होत्या. चार दिवस खपून तिनं बारा आकृत्या दुरुस्त केल्या आणि अप्पांना घेऊन क्लासच्या सरांकडे निघाली.

"फुकट कशाला सांगायलीस?" वाटेत अप्पांनी विचारलं.

"पोरं चुकीचं पाठ करायलेत, अप्पा."

सरांनी कागद पाहिले, चूक कबूल केली आणि पुढच्या वर्षीचं सगळं काम देऊ केलं, पण निम्म्या दरात.

"दर जुनाच राहील, सर," अंजू शांतपणे म्हणाली.

अप्पांनी तिला हळूच कोपरानं ढोसलं. सरांनी दुरुस्त आकृत्या पुन्हा एकदा चाळल्या, मग हो म्हणाले.

त्या वर्षानंतर काम मिळेल का, ते कुणालाच ठाऊक नाही. पण पाहुण्यांना अप्पा आता ताठ मानेनं सांगतात, "आमच्या अंजूचा स्वतःचा धंदा हाय."