आधी बोलायची पाळी

रविवारी दुपारी परेशच्या फ्लॅटवर पोकरचा अड्डा जमायचा आणि परेश हटकून यतीनच्या डाव्या हाताला बसायचा. ती जागा वरचढ. टेबलावरची पहिली तीन पानं उघडली की बहुतेक डावांत यतीनला आधी बोलावं लागे, आणि परेश ते ऐकून आपलं ठरवी. नवशिका अशा वेळी घाबरून बोली लावतो आणि बुडतो. यतीन बुडला नाही. भिकार पानं तो सुरुवातीलाच टाकून देई आणि चांगली आली की बोली न लावता नुसता ‘चेक’ म्हणून गप्प बसे. परेशला शांतता सोसत नसे. समोरचा गप्प बसला की याच्या हाताला खाज सुटे. तो मोठी बोली लावी, मग यतीन ती तिप्पट करी आणि डाव जिंकी. वर्षभर हेच चाललं होतं. आपल्या गप्प बसण्याचा यतीनला गर्वच झाला होता म्हणा ना.

परेश पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मॅनेजर, आणि नाशिकहून आलेला यतीन त्याच्या हाताखाली इंजिनिअर. तिथल्या पत्रा दाबायच्या प्रेसवर कामगार रामभाऊंच्या उजव्या हाताची बोटं गेली. यंत्राची संरक्षक जाळी परेशनंच काढायला लावली होती. “निकाल दो यार, माल आज जायलाच पाहिजे,” हे यतीननं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. रामभाऊंनी जाळी आपल्या मर्जीनं काढली असं ठरलं, तर त्यांना भरपाई नाही आणि नोकरीही नाही. परेशचं ते बोलणं ऐकणारा साक्षीदार एकटा यतीन.

चौकशीला तिघं एकाच टेबलाशी बसले. “यतीनजी, आधी तुम्ही सांगा,” अधिकारी म्हणाले.

पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून रामभाऊ त्याच्याकडे बघत होते. यतीनला वाटलं, आधी परेशला खोटं बोलू द्यावं. शांततेत तो वाहवत जाईल, भलतंच ठोकून देईल, मग त्याला पुरता पकडू.

“मी नंतर बोलतो. परेशजींना सांगू द्या.”

परेश सुटलाच. “सर, जाळी रामभाऊंनीच काढली. मी तर उस दिन फ्लोअरवर नव्हतोच.”

यतीन मनातून सुखावला, लाज वाटावी इतका सुखावला. त्या पाळीतल्या सगळ्या कामगारांनी परेशला तिथं पाहिलं होतं. पण यतीनच्या हिशोबात समोर एकटा परेशच होता. अधिकारी तोवर रामभाऊंकडे वळले.

“हे खरं आहे?”

रामभाऊंनी पुन्हा यतीनकडे पाहिलं. पापणी न हलवण्यात यतीन तरबेज. त्या चेहऱ्यावर त्यांना काहीच दिसलं नाही.

“हाँ साहेब. मीच काढली.”

“हे खोटं आहे,” यतीन म्हणाला. “मी स्वतः ऐकलंय.”

“मग विचारलं तेव्हा का नाही सांगितलं? ज्याचा हात गेला तो स्वतः कबूल करतोय.” अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं.

फाटकाशी यतीननं रामभाऊंना गाठलं. “हे काय केलंत? मी सांगणारच होतो.”

“काल परेशजी घरी आले होते. म्हणाले, हाँ म्हणा, तुमच्या मुलीला, उर्वीला ऑफिसमध्ये लावून देतो. मी ठरवलेलं, यतीनजी पहिले खरं बोलले, तर मी पण बोलणार. तुम्ही गप्प बसले.” रामभाऊंचा आवाज शांत होता. “मला वाटलं, तुम्हाला पण काही देऊन ठेवलंय.”